उमेदवाराच्या कारकिर्दीचा हिशेब

२०२५ सालच्या डिसेंबर महिन्यात आपल्या राज्यातील नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या, त्या दिवसांतील गोष्ट. आमच्या नववीच्या वर्गातील एका मुलाने मधल्या सुट्टीत दोन पत्रके आमच्या टेबलावर आणून ठेविली. एका पत्रकात, 'आमच्या काळात घरपट्टीचा एक पैसाही वाढला नाही,' असे ठळक अक्षरांत छापिले होते. दुसऱ्यात शहराचा कायापालट केल्याचे व शेकडो तरुणांस रोजगार मिळवून दिल्याचे सांगितले होते. मुलाने सरळ विचारले, "सर, यांतले खरे कोणते, हे कसे ओळखावयाचे?" घंटा झाली होती, हातात वह्यांचा गठ्ठा होता. "मोठा झालास म्हणजे समजेल," एवढे बोलून आम्ही वर्गाकडे वळलो.

घरी गेल्यावर ते उत्तर आमचे आम्हांसच टोचू लागले. मोठे झाल्यावर आम्हांस तरी कोठे समजले होते? पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही एका लहान शहरात राहत होतो. तेथे, पाणीपट्टी वाढू देणार नाही, असे वचन देणाऱ्या उमेदवारास आम्ही मोठ्या उत्साहाने मत दिले. त्याने वचन पाळले. पाणीपट्टी खरोखरच वाढली नाही. मात्र जुनी जलवाहिनी फुटत राहिली, पंपाची दुरुस्ती पैशाअभावी लांबत गेली, आणि उन्हाळ्यात दहा-दहा दिवस नळ कोरडा राहू लागला. वर्षाकाठी बिलात जे वाचले, ते आम्ही एका महिन्यात टँकरवाल्यास देऊन बसलो. उमेदवार खोटे बोलला नव्हता. आम्हीच अर्धा हिशेब वाचून मत दिले होते.

त्या मुलास जे सांगावयास हवे होते, ते येथे थोड्या विस्ताराने सांगण्याचा विचार आहे. शाळेतील विद्यार्थी उद्याचे मतदार आणि त्यांचे पालक आजचे. म्हणून हा लेख दोघांसाठी आहे. कोणत्याही पक्षाची बाजू घेण्याचा यात हेतू नाही.

सत्ता कोणाच्या हाती होती?

हिशेब तपासण्यापूर्वी तिजोरीची किल्ली कोणाजवळ होती, हे पाहणे हे पहिले काम होय. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात तेरा तालुके आहेत. बुलढाणा, चिखली, खामगाव, शेगाव, मलकापूर, नांदुरा, जळगाव जामोद, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा आणि सिंदखेड राजा अशा अकरा नगरपरिषदा, मोताळा व संग्रामपूर या दोन नगरपंचायती, आणि खेड्यापाड्यांतून ग्रामपंचायती, असा येथील स्थानिक कारभाराचा पसारा आहे. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या २५,८६,२५८ भरली. त्यांतील सुमारे पाचवा हिस्सा शहरांत राहणारा, बाकीचा खेड्यांत.

या संस्थांस बळ मिळाले ते १९९२ साली संसदेने मंजूर केलेल्या ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्तीने. त्या १९९३ साली अंमलात आल्या. नगरपालिकांकडे सोपविता येतील अशा अठरा विषयांची यादी घटनेस जोडण्यात आली. नगररचना, रस्ते, पाणीपुरवठा, आरोग्य, दिवाबत्ती हे विषय तीत आहेत. आपल्या राज्यातील नगरपरिषदांचा कारभार १९६५ च्या अधिनियमाने चालतो.

येथे एक बारकावा लक्षात ठेवावा. २०१६ च्या अखेरीस निवडून आलेल्या नगरपरिषदांपैकी बहुतेकांची मुदत २०२१-२२ च्या सुमारास संपली. पुढे निवडणुका लांबल्या आणि २०२५ च्या अखेरीपर्यंत, म्हणजे जवळजवळ चार वर्षे, तेथे सरकारने नेमिलेले प्रशासक कारभार पाहत होते. तेव्हा त्या अवधीत झालेल्या रस्त्याचे श्रेय किंवा साचलेल्या कचऱ्याचा दोष कोणा माजी नगरसेवकाच्या पदरी घालणे न्यायाचे नव्हे. पत्रकातील प्रत्येक कामापुढे वर्ष लिहून पाहावे. वर्ष जुळत नसेल, तर ते काम त्या उमेदवाराच्या खात्यावर मांडू नये.

कर

नगरपरिषदेचे स्वतःचे मुख्य उत्पन्न म्हणजे मालमत्ता कर, ज्यास आपण घरपट्टी म्हणतो, आणि पाणीपट्टी. त्यास बाजारातील गाळ्यांचे भाडे, परवान्यांची फी वगैरेंची जोड असते. घरपट्टी इमारतीच्या करयोग्य मूल्यावर बसते आणि त्या मूल्याची फेरआकारणी दर चार वर्षांनी करावयाची असते. आकारणी अधिक वाटली, तर हरकत घेऊन सुनावणी मागण्याचा हक्क प्रत्येक घरमालकास आहे. पुष्कळ लोक हरकतीची मुदत निघून जाऊ देतात आणि मग वर्षभर ओट्यावर बसून कुरकुर करितात.

घरपट्टीच्या बिलावरील सर्वच रक्कम नगरपरिषदेची नसते. राज्य सरकारचा शिक्षण कर आणि, दुकाने-कारखान्यांसारख्या बिगर-निवासी इमारतींच्या बाबतीत, रोजगार हमी कर याच बिलातून वसूल होऊन राज्याच्या तिजोरीत जातो. बिल हातात घेऊन त्यातील ओळी मोठ्याने वाचून दाखविण्याचे काम घरातील विद्यार्थ्याने करावे. त्यात गणितही आहे आणि नागरिकशास्त्रही.

पूर्वी नगरपरिषदांचा मोठा आधार जकात हा होता. १९९९ साली नगरपरिषदांची जकात बंद झाली आणि त्याऐवजी सरकारकडून अनुदान मिळू लागले. त्यामुळे व्यापाऱ्यांची नाक्यावरील अडवणूक संपली, ही चांगली गोष्ट झाली. परंतु गावाच्या खर्चाचा मोठा भाग मुंबईकडे डोळे लावून बसू लागला, ही तिचीच दुसरी बाजू. म्हणून हल्ली कराविषयीचा खरा प्रश्न दराचा जितका, तितकाच वसुलीचा आहे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एका गावात २,००० घरे असून प्रत्येकी सरासरी ८०० रुपये घरपट्टी आहे. म्हणजे एकूण मागणी १६ लाख रुपये. वसुली निम्मीच होत असेल, तर हाती ८ लाख येतील. एका अध्यक्षाने दर दहा टक्के वाढविला व वसुली निम्मीच राहिली, तर ८ लाख ८० हजार मिळतील. दुसऱ्याने दरास हात न लावता वसुली ८० टक्क्यांवर नेली, तर १२ लाख ८० हजार मिळतील. पहिल्याच्या कारकिर्दीत प्रामाणिकपणे भरणाऱ्याच्या डोक्यावर अधिक ओझे आले आणि न भरणारा मोकळाच राहिला. 'दर वाढविला नाही' किंवा 'उत्पन्न वाढविले' या एकेकट्या वाक्यावरून हे काहीच कळत नाही. मागणी किती, वसुली किती व थकबाकी कोणाकडे, हे तीन आकडे एकत्र मांडले म्हणजे चित्र स्पष्ट होते.

थकबाकीचा विषय निघालाच आहे, तर हेही सांगितले पाहिजे की, संस्थेची बाकी मागणी होऊनही न भरणारा मनुष्य कायद्याने त्या संस्थेचा सभासद होण्यास अपात्र ठरू शकतो. जो स्वतःची पट्टी भरीत नाही, त्याने दुसऱ्याच्या पट्टीचा खर्च ठरवू नये, हा त्यातील सरळ न्याय.

कर वाढवूनही लोकांच्या आदरास पात्र झालेला अध्यक्ष

कर वाढविणारा नेहमी वाईट आणि न वाढविणारा नेहमी चांगला, ही समजूत किती अपुरी आहे, याचा दाखला आपल्या वऱ्हाडातच आहे. पापळ येथे १८९८ साली जन्मलेले डॉ. पंजाबराव देशमुख विलायतेत उच्च शिक्षण घेऊन १९२६ साली परत आले आणि १९२८ साली अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. शेतकऱ्यांची मुले शाळेबाहेर राहत होती आणि शाळांस पैसा नव्हता. त्यांनी करवाढ करून प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचा मार्ग धरिला. सार्वजनिक विहिरी अस्पृश्य मानलेल्या बांधवांस खुल्या करण्याचे कामही त्यांनी याच पदावरून केले.

त्या काळच्या शेतकऱ्यास कराचा बोजा लहान वाटला असेल, असे कोणी समजू नये. परंतु पैसा कोठे जातो, हे त्यास आपल्या गावच्या शाळेत दिसत होते. १९३० साली पंजाबराव प्रांतिक कायदेमंडळात निवडून गेले आणि मध्यप्रांत-वऱ्हाडचे मंत्री झाले. १९३२ साली त्यांनी श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापिली. स्वातंत्र्यानंतर १९५२ ते १९६२ या काळात ते भारताचे कृषिमंत्री होते. अकोल्याचे कृषी विद्यापीठ आज त्यांच्या नावाने ओळखले जाते.

खर्चाच्या बाजूनेही एक जुना दाखला देता येईल. महात्मा जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे नियुक्त सभासद होते. १८८० साली व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतार्थ एक हजार रुपये खर्चण्याचा ठराव आला, तेव्हा त्यांनी त्यास विरोध केला. करदात्याचा पैसा कमानी-पताकांवर घालवू नये, असे म्हणण्यास त्या सभेत धैर्य लागत असे. उमेदवाराने कोणत्या खर्चास हात वर केला आणि कोणत्या खर्चास नकार दिला, ही नोंद सभेच्या इतिवृत्तात सापडते. ती भाषणांहून अधिक बोलकी असते.

वाढ

'माझ्या काळात शहर वाढले,' हे वाक्य प्रत्येक पत्रकात असते. कोंबडे आरवले म्हणून उजाडत नाही, ही म्हण येथे आठवावी. खामगावचेच पाहा. तेथील नगरपालिका १८६७ सालची, म्हणजे वऱ्हाडातील जुन्या नगरपालिकांपैकी एक. त्या सुमारास खामगाव कापसाच्या पेठेमुळे देशोदेशी गाजले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसास भाव आला. १८७० साली जलंबहून खामगावापर्यंत आगगाडीचा फाटा आला, तेव्हा व्हाइसरॉय मेयो स्वतः येथे आले होते. आता त्या वेळच्या नगरपालिकेने 'पेठ आम्ही वाढविली' असे म्हटले असते, तर ते कितपत खरे ठरले असते? युद्ध दूर देशीचे, रेल्वे सरकारची, कापूस शेतकऱ्याचा. परंतु पेठेत येणाऱ्या बैलगाड्यांस रस्ता, माणसांस पाणी आणि रात्री दिवा देणे हे स्थानिक कारभाराचेच काम. तेवढे श्रेय मात्र निश्चित द्यावे.

अशीच विभागणी आजही करावी. राष्ट्रीय महामार्ग केंद्राचा असतो. औद्योगिक क्षेत्रे १९६१ च्या कायद्याने स्थापन झालेले राज्याचे महामंडळ वसविते. मोठ्या पाणीयोजनांस राज्य व केंद्र यांचा पैसा लागतो. नगरपरिषदेचा वाटा म्हणजे ठराव वेळेवर करणे, जागा देणे, आपला हिस्सा भरणे, आणि योजना पूर्ण झाल्यावर ती नीट चालविणे. हा शेवटचा भाग सर्वांत कठीण, आणि त्याचे उद्घाटन होत नसल्यामुळे पत्रकात तो क्वचितच आढळतो.

स्थानिक नेतृत्वाने वाढ खरोखर कशी घडते, याचे उत्तम उदाहरण अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यातील हिवरे बाजार होय. वर्षास सुमारे चारशे मिलिमीटर पाऊस पडणारे हे गाव. १९८९-९० च्या सुमारास श्री. पोपटराव पवार तेथे सरपंच झाले. डोंगरउतारावर चर खणले गेले, बंधारे झाले, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी आली. शेतीसाठी कूपनलिका खणावयाची नाही, उसासारखे तहानलेले पीक घ्यावयाचे नाही, असे नियम ग्रामसभेने स्वतःस लावून घेतले. पुढे दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून कोणते पीक घ्यावयाचे, हे ठरू लागले. प्रसिद्ध झालेल्या नोंदींप्रमाणे, १९९५ साली १६८ कुटुंबे दारिद्र्यरेषेखाली होती. १९९८ च्या पाहणीत ती ५३ राहिली आणि पुढे अवघी ३. कामासाठी बाहेर गेलेली कुटुंबे गावी परतली.

यातही श्रेयाची वाटणी आहेच. आदर्श गाव योजनेचा पैसा राज्याचा होता, मजुरीचा काही भाग रोजगार हमीचा होता, आणि घाम गावकऱ्यांचा होता. तशी योजना इतर अनेक गावांसही मिळाली होती. ती शेवटास नेण्याचा आणि 'नाही' म्हणण्याचा कणखरपणा येथे दिसला. तेवढी सरपंचाची खरी कमाई.

रोजगार

आता सर्वांत नाजूक विषय. शाळेच्या पालकसभेत एक गृहस्थ आम्हांस म्हणाले, "रोजगार देतो म्हणणाऱ्यास मी मत दिले, सर, माझा थोरला पुण्यास कंपनीत बारा-बारा तास उभा असतो. घरी सणाला दोन दिवस येतो." त्या वाक्यावर आम्हांस उत्तर सुचले नाही. आपल्या वर्गांतील कितीतरी मुलांचे भाऊ, काही मुलांचे आई-बापसुद्धा, कामासाठी असे बाहेर आहेत. म्हणूनच या शब्दाचा वापर कोणी हलकेपणाने करू नये.

नगरपरिषद स्वतः फार थोड्यांस नोकरी देऊ शकते. तिचे पुष्कळ अधिकारी राज्यसंवर्गातील असतात, आणि सफाईसारखी कामे बहुधा ठेकेदाराकडे जातात. ठेक्यावरील मजुरास ठरलेली मजुरी व भविष्यनिर्वाह निधी मिळतो की नाही, हे पाहणे मात्र तिच्या हाती आहे. कारखाना आला, तर तो जमीन, वीज, पाणी, रस्ता आणि बाजारपेठ पाहून येतो. खामगावच्या औद्योगिक क्षेत्रात साबणाचा मोठा कारखाना आहे. कापूस, सोयाबीन, तेल यांवर चालणारे उद्योग जिल्ह्यात आहेत. खामगावचे चांदीकाम दूरवर प्रसिद्ध आहे. शेगावास यात्रेकरू येतात, आणि लोणारच्या सरोवरास २०२० साली रामसर यादीत स्थान मिळाले. अशा ठिकाणी स्वच्छ रस्ता, पाणी, शौचालय आणि लहान विक्रेत्यास बसण्याची हक्काची जागा एवढे जरी मिळाले, तरी अनेक घरांच्या चुली पेटतात. हा रोजगार उमेदवाराच्या पत्रकात मोजला जात नाही; परंतु तो खरा असतो.

कर आणि रोजगार यांचा संबंध कसा जोडता येतो, हे आपल्या राज्याने एकदा जगास दाखविले आहे. १९७२ च्या भीषण दुष्काळात लाखो माणसे कामासाठी बाहेर पडली. विधानपरिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना तेव्हा मोठ्या प्रमाणावर राबविली गेली. तिला पैसा हवा म्हणून १९७५ साली व्यवसाय कर बसविण्यात आला. शहरातील पगारदाराच्या खिशातून खेड्यातील मजुराची मजुरी निघू लागली. १९७७ साली कायदा झाला व १९७९ पासून तो अंमलात आला. २००५ साली देशाने केलेल्या रोजगार हमी कायद्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता. आमच्या पगारातून व्यवसाय कर कापला जातो तेव्हा पूर्वी आम्हीही नाक मुरडीत असू. त्याचे मूळ कळल्यावर मन शांत झाले.

तेव्हा 'पाचशे जणांस रोजगार दिला' असे कोणी म्हटले, तर तीन गोष्टी विचाराव्यात. किती दिवसांचा? किती मजुरीचा? आणि त्या मनुष्याच्या प्रयत्नावाचून तो आलाच नसता काय?

उत्तम कारकीर्द आणि मतदाराचा कौल

येथे कोणी विचारील की, कारकीर्द चांगली असली म्हणजे लोक मत देतातच काय? १५ जानेवारी २०२१ रोजी राज्यातील हजारो ग्रामपंचायतींसाठी मतदान झाले. हिवरे बाजारात कित्येक वर्षांनी प्रथमच लढत झाली आणि पोपटरावांच्या बाजूचे सातही उमेदवार निवडून आले. त्याच निवडणुकीत छत्रपती संभाजीनगरजवळील पाटोदा गावी वेगळे घडले. तेथे श्री. भास्करराव पेरे पाटील यांनी सरपंच असताना एक नामी युक्ती केली होती: जो गावकरी सर्व कर पूर्ण भरील, त्यास वर्षभर दळण फुकट. गावास शुद्ध पाणी आले, सोयी झाल्या, दूरदूरचे लोक गाव पाहण्यास येऊ लागले. परंतु २०२१ साली ते स्वतः उभे राहिले नाहीत, आणि निवडणुकीस उभी राहिलेली त्यांची कन्या पराभूत झाली.

यावरून पाटोद्याचे लोक कृतघ्न, असा निकाल देण्याची घाई करू नये. बापाच्या कामाचा हिशेब मुलीच्या नावे लिहावा, असा नियम नाही. आणि मतदार जुन्या कामाचे आभार मानून पुढच्या कामासाठी दुसरा मनुष्य निवडू शकतो. मत हे बक्षीस नव्हे. ती नेमणूक आहे. मागील कारकीर्द हा त्या नेमणुकीसाठी आलेल्या अर्जाचा एक महत्त्वाचा कागद, इतकेच.

पाच प्रश्न

आता जे त्या मुलास सांगावयाचे राहिले, ते थोडक्यात सांगतो. कोणत्याही उमेदवाराचे पत्रक हाती आले, तर त्याच्या पाठीमागे हे पाच प्रश्न लिहावेत.

१. हे काम झाले त्या वर्षी हा मनुष्य पदावर होता काय?

२. पैसा कोणाचा होता — गावाचा, राज्याचा की केंद्राचा?

३. कराची मागणी, वसुली आणि थकबाकी किती होती, आणि स्वतः उमेदवाराची बाकी आहे काय?

४. जे बांधले, ते आज चालते काय? नळास पाणी, दिव्यास वीज, दवाखान्यात मनुष्य आहे काय?

५. या कामापासून सर्वांत गरीब वस्तीस काय मिळाले?

यांची उत्तरे मिळविणे अवघड नाही. अंदाजपत्रक व लेखापरीक्षणाचा अहवाल हे सार्वजनिक कागद आहेत. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने ते कोणाही नागरिकास मागता येतात. उमेदवार आपल्या मालमत्तेचे व गुन्ह्यांचे शपथपत्र अर्जासोबत देतो. खेड्यात तर ग्रामसभाच आहे. तेथे उभे राहून विचारावयाचे एवढेच. आणि चौथ्या प्रश्नासाठी कागदही नको. सकाळी गावातून एक फेरी मारली म्हणजे पुरे.

त्या मुलास आम्ही दुसऱ्या दिवशी बोलावून ही यादी दिली. त्याने ती वाचली, घडी घालून खिशात ठेविली आणि म्हणाला, "सर, पण बाबांना विचारले तर ते म्हणतील, एवढे कोण पाहत बसतो?" आम्ही त्यास सांगितले की, तुझ्या सरांनीही एकदा असेच म्हटले होते, आणि त्याची किंमत आम्ही टँकरवाल्यास मोजली. पालकांनो, ही यादी आपल्या घरी आली असेल किंवा येईल. पुढच्या निवडणुकीस अवधी आहे. परंतु घरपट्टीचे बिल या वर्षीच येईल. मुलास जवळ बसवून ते दोघांनी मिळून वाचावे, एवढीच आमची विनंती.